दोन हजारांचा जामीन

नागपूरच्या नंदनवनातून दक्षिणेकडे निघाले की सक्करदरा लागतो आणि त्यापुढे उमरेड रस्त्यावर ताजबाग. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, कोराडी रस्त्याच्या बाजूला, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ते १८६४ साली सुरू झाले, आज ९४० खाटांचे आहे, आणि शेजारच्या चौकाला लोक अजूनही पागलखाना चौकच म्हणतात. या दोन टोकांना जोडणारे एक नाव नागपूरच्या इतिहासात आहे. १८६१ साली कामठीला जन्मलेले आणि काही काळ पलटणीत नोकरी केलेले ताजुद्दीन बाबा १८९२ मध्ये या वेड्यांच्या इस्पितळात दाखल केले गेले आणि सोळा वर्षे तिथेच राहिले. १९०८ साली राजे रघुजीराव भोसले यांनी दोन हजार रुपयांचा जामीन भरून त्यांना सोडवले आणि सक्करदऱ्याच्या वाड्यावर आणले, असे त्यांची चरित्रे सांगतात. १९२५ च्या ऑगस्टमध्ये बाबा निवर्तले. ताजबागेत त्यांचा दर्गा आहे आणि तिथे सर्व धर्मांची माणसे येतात. भाविकांनी या सुटकेची गोष्ट चमत्काराच्या अंगाने अनेकदा सांगितली आहे. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्या दोन हजार रुपयांकडे पाहणे अधिक बोधक ठरते.

तेव्हा लागू असलेल्या १८५८ च्या कायद्यात अशी सोय होती की इस्पितळात ठेवलेल्या माणसाच्या नातेवाइकाने किंवा स्नेह्याने अर्ज करावा, नीट सांभाळू अशी हमी द्यावी, आणि अधिकाऱ्यांना पटले तर माणूस ताब्यात घ्यावा. म्हणजे राजेसाहेबांनी केले ते कायद्याला धरूनच होते. बाबांना आत पाठवले ते अधिकाऱ्यांच्या हुकमाने आणि बाहेर आणले ते राजाच्या पतीवर. स्वतः बाबांचे म्हणणे दोन्ही वेळा कोणी विचारात घ्यावे अशी कायद्याची अपेक्षाच नव्हती. आणि ज्याच्यामागे राजा नव्हता, भाऊ नव्हता, त्याच्यासाठी ही वाट बंद होती. आपल्याकडच्या मानसिक आरोग्याची गेली दीडशे वर्षे म्हणजे एका परीने जामीनदार बदलत गेल्याचा इतिहास आहे. कधी दंडाधिकारी, कधी घरचे, कधी डॉक्टर, अलीकडे स्वयंसेवी संस्था. आजार भोगलेल्या माणसांच्या स्वतःच्या संघटना, त्यांच्यातून पुढारी घडवणे, हक्कांचा पाठपुरावा त्यांना शिकवणे, या गोष्टी त्या इतिहासाच्या अगदी शेवटी येतात आणि म्हणून अनेकांना चैनीच्या वाटतात. आधी औषधे पुरवा, खाटा वाढवा, मग संघटनांचे पाहू, असा सूर असतो. माझे म्हणणे उलट आहे. आज जो कायदा आपल्याकडे आहे, त्याचा गाभा अशा संघटनांशिवाय चालूच शकत नाही. हे पटण्यासाठी मनोरुग्णालयावर देखरेख कोणी करायची, या एका प्रश्नाचा माग काढणे पुरेसे आहे.

१९१२ च्या भारतीय लुनसी कायद्याने प्रत्येक इस्पितळासाठी किमान तीन ‘व्हिजिटर’ नेमायला सांगितले. त्यांत एक वैद्यकीय अधिकारी असावा आणि तुरुंगांचा महानिरीक्षक पदसिद्ध असावा, अशी तरतूद होती. तुरुंग पाहणारा माणूसच इस्पितळ पाहील, यात त्या काळच्या सरकारला काही वावगे दिसले नाही. दोन्हीकडे भिंती होत्या, कुलपे होती, हजेरीपट होते. पुढे १९२० च्या दशकात ‘असायलम’ ही पाटी जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ अशी पाटी आली, पण कायदा तोच राहिला आणि स्वातंत्र्यानंतरही चार दशकांहून अधिक काळ टिकला. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला १९९३ साल उजाडले. त्याने व्हिजिटरांची संख्या किमान पाच केली आणि त्यांत दोन सामाजिक कार्यकर्ते घातले. सुधारणा खरीच, पण वॉर्डात राहून बाहेर पडलेल्या एकाही माणसाला त्या यादीत जागा नव्हती. यादी करणाऱ्यांच्या मनात तसे वाईट काही नसावे. ज्याच्यासाठी देखरेख करायची त्यालाच देखरेखीवर बसवावे, ही कल्पनाच कोणाला सुचली नाही, इतकेच. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीला साखळदंडाने बांधलेले २८ जण आगीत जळून मेले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि देशभर तपासण्या झाल्या. त्या तपासण्याही करणारे अधिकारी आणि तज्ज्ञ होते. बांधले जाणे म्हणजे काय हे सांगू शकणारे लोक तेव्हाही साक्षीदारच राहिले.

बदल आला तो बाहेरून. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या कराराला भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी मान्यता दिली आणि त्यानंतर देशातले कायदे त्याच्याशी जुळवून घेणे भाग पडले. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा त्यातून आला. त्याने राज्य प्राधिकरणावर मानसिक आजार असलेल्या किंवा पूर्वी असलेल्या व्यक्तींचे दोन प्रतिनिधी, काळजीवाहकांचे वेगळे दोन आणि स्वयंसेवी संस्थांचे दोन, अशा जागा ठेवल्या. जिल्ह्यांसाठी जी पुनर्विलोकन मंडळे नेमायची, त्यांत जिल्हा न्यायाधीश दर्जाचा अध्यक्ष, जिल्हाधिकाऱ्यांचा प्रतिनिधी, एक मनोविकारतज्ज्ञ, एक डॉक्टर आणि आणखी दोन सदस्य. या मंडळाकडे काय नाही? दाखल केल्याविरुद्धची तक्रार, सेवेतल्या त्रुटी, आपल्याला कसे उपचार हवे किंवा नकोत याचे आगाऊ लिहून ठेवलेले निवेदन, नामनिर्देशित प्रतिनिधी नेमणे, सारे त्याच्याकडे येते. इतकेच नव्हे, तुरुंगांची पाहणी करण्याचा अधिकारही त्याला आहे. शंभर वर्षांपूर्वी तुरुंगांचा महानिरीक्षक मनोरुग्णालय पाहायला येत असे, आता आजार भोगलेला माणूस मंडळाचा सदस्य म्हणून तुरुंग पाहायला जाऊ शकतो. कायद्याच्या भाषेत यापेक्षा मोठी उलथापालथ शोधून सापडणार नाही.

पण कायदा नीट वाचला की दोन फटी दिसतात. मंडळावरच्या त्या शेवटच्या दोन जागा केवळ आजार भोगलेल्यांसाठी राखीव नाहीत. त्या काळजीवाहकांनाही देता येतात आणि स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींनाही. आणि बैठकीची गणपूर्ती तीन सदस्यांवर होते. म्हणजे अध्यक्ष, सरकारी प्रतिनिधी आणि डॉक्टर एवढे जमले की काम सुरू. यात कोणाची लबाडी असण्याची गरज नाही. निवड करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर एका बाजूला नोंदणीकृत संस्थेचा, लेटरहेड असलेला, इंग्रजीत पत्र लिहिणारा उमेदवार असतो आणि दुसऱ्या बाजूला कोणी नसतेच. तो कोणाला घेईल हे सांगायला नको. जागा मिळालीच, तरी ज्याला केसपेपर वाचता येत नाही, कलम ठाऊक नाही, न्यायाधीशांसमोर मतभेद कसा नोंदवायचा हे कोणी शिकवलेले नाही, तो मान हलवून सही करून येतो. मग चार वर्षांनी कोणी तरी म्हणतोच, ‘बघा, यांना जागा देऊन काय झाले?’

प्रतिनिधी कोणी निवडायचा, हा वाद नागपूरला नवा नाही. ३० मे ते १ जून १९२० या काळात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद याच शहरात भरली होती. अस्पृश्यांचे प्रतिनिधी सरकारने किंवा अस्पृश्यांच्या संस्थांनी न निवडता कायदेमंडळाच्या सभासदांनी निवडावेत, अशी भूमिका विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनने घेतली होती. शिंदे यांची कळकळ खोटी नव्हती, त्यांनी आयुष्य त्या कामात घातले होते. तरीही २९ वर्षांच्या डॉ. आंबेडकरांनी त्या भूमिकेवर कडाडून टीका केली आणि परिषदेने तिचा निषेध केला. जातीची गुलामी आणि मनाचा आजार या गोष्टी एका मापाने मोजता येत नाहीत आणि ही तुलना फार ताणूही नये. मात्र एक मुद्दा दोन्हीकडे सारखाच लागू पडतो. हितचिंतक कितीही सच्चा असला तरी त्याच्या शब्दाला त्याच्या हिताची कड असते, आणि ज्यांचा प्रश्न आहे त्यांनी आपला माणूस स्वतः पाठवला नाही तर दुसरे कोणी तरी पाठवले जातेच. परिषदा भरवणे, ठराव मांडणे, निवेदने लिहिणे, पत्रे चालवणे, यांतून त्या चळवळीने हजारो माणसांना सार्वजनिक कामाचे शिक्षण दिले. आज आपण ज्याला नेतृत्व प्रशिक्षण म्हणतो, ते नागपुरात वस्त्यावस्त्यांत तेव्हाच चालू होते, फक्त त्याला कोणी कार्यशाळा म्हणत नव्हते.

संघटना मागे नसली की काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. योगायोग असा की ताजुद्दीन बाबा सुटले त्याच १९०८ साली क्लिफर्ड बिअर्स या तरुणाचे मनोरुग्णालयांतल्या छळाविषयीचे आत्मकथन प्रसिद्ध झाले आणि गाजले. त्याच वर्षी त्याने कनेक्टिकट राज्यात संस्था काढली, पुढच्या वर्षी राष्ट्रीय समिती उभी केली. बोलविता धनी दुसरा नव्हता, भोगलेला माणूस स्वतः बोलत होता. पण त्या समितीत त्याच्यासारखे आणखी दहा जण घडवले गेले नाहीत. सूत्रे हळूहळू मनोविकारतज्ज्ञांकडे गेली, रुग्णालयातल्या वागणुकीचा मूळ प्रश्न मागे पडला आणि समाजाच्या मानसिक स्वच्छतेची मोठमोठी भाषा पुढे आली. त्याच्याही आधी, १८४५ साली, इंग्लंडमध्ये जॉन पर्सिव्हल आणि त्याच्या सोबत्यांनी इस्पितळांत कोंडलेल्यांसाठी संस्था काढली होती. पर्सिव्हल पार्लमेंटच्या समितीपुढे साक्षही देऊन आला, पण पुढच्या पिढीकडे संस्था पोचली नाही. अमेरिकेत रुग्णांनी स्वतः चालवलेल्या केंद्रांची कल्पना ठामपणे मांडली गेली ती ज्युडी चेंबरलिन यांच्या १९७८ च्या पुस्तकात. म्हणजे बिअर्सनंतर सत्तर वर्षे गेली. एकेका तेजस्वी माणसावर उभी राहिलेली कामे अशीच खंडित होतात.

महाराष्ट्राचा अनुभव याहून बरा आहे, पण विखुरलेला आहे. १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण सुरू केले, तेही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे समुपदेशक झाली. अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या गटांत तर सारा कारभारच सभासदांचा असतो आणि जबाबदारीची कामे ठरावीक मुदतीने दुसऱ्याकडे जातात. व्यसनमुक्तीच्या क्षेत्राने ‘भोगलेल्याचे ज्ञान’ असते हे मान्य केले, मनोविकारांच्या क्षेत्राने करायला वेळ लावला. मूळचे धुळ्याचे आणि कॅल्गरी विद्यापीठात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजाराच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. २००४ चा ‘देवराई’ हा चित्रपट त्यांच्याच पाठबळाने झाला. शुभार्थी आणि शुभंकर, म्हणजे आजारी व्यक्ती आणि तिला सांभाळणारे, यांचे स्वमदत गट तिथे चालत आले आहेत. पण ही प्रेरणा मुळात शुभंकरांची. शुभार्थींच्या बाजूने उघडपणे आणि कायद्याच्या भाषेत बोलणारे मोठे नाव भार्गवी दावर यांचे होते. आई मनोरुग्णालयांत अडकलेली पाहत वाढलेल्या दावर यांनी १९९९ मध्ये पुण्यात बापू ट्रस्ट स्थापन केला, वस्त्यांमध्ये काम उभारले आणि पुढे आशियातल्या मनोसामाजिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या संघटनांचे जाळे विणले. या तिन्ही कामांचे गुरुत्वमध्य पुण्यात आहे. पूर्व विदर्भातल्या माणसाला तिथपर्यंत पोचणे आधी भाड्याने आणि मग भाषेने अवघड जाते. ९४० खाटांचे रुग्णालय नागपुरात आणि बोलणाऱ्यांच्या शाळा पुण्यात, हे समीकरण बदलायला हवे.

प्रशिक्षण म्हणजे काय, हेही एकदा रोखठोक सांगितले पाहिजे, कारण या नावाखाली व्यक्तिमत्त्व विकासाची भाषणे बरीच खपतात. माणसाला प्रथम आपली गोष्ट किती सांगायची आणि कुठे थांबायचे हे कळले पाहिजे. आपल्या जखमेचे प्रदर्शन मांडून टाळ्या मिळवणे आणि तिच्या आधाराने एखादी मागणी मांडणे, यांत फरक आहे. मग कायदा यावा: दाखल होण्याचे प्रकार, आगाऊ निवेदन कसे लिहायचे, मंडळाकडे अर्ज कसा करायचा, निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात किती दिवसांत जायचे. मग संस्था चालवण्याचे रूक्ष काम. सोसायटी नोंदवायला सात जण लागतात, सार्वजनिक न्यास नोंदणीनंतर दरवर्षी हिशेब तपासून घ्यावे लागतात, कार्यकारिणी बदलली की धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. चांगले गट याच ठिकाणी गारद होतात. उत्साह आटल्यामुळे नव्हे, तर इतिवृत्त कोणी लिहिले नाही आणि ऑडिट राहून गेले म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये क्वालिटी राइट्स या उपक्रमाखाली स्वमदत गट आणि अशा संघटना कशा उभाराव्यात यावर पुस्तिका काढल्या. त्याच उपक्रमाचा प्रयोग गुजरातमधल्या सहा सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांत आधी झाला होता. वर्षभरात सेवेचा दर्जा आणि कर्मचाऱ्यांचा दृष्टिकोन सुधारला, उपचार घेणाऱ्यांना आपल्या शब्दाला वजन आल्यासारखे वाटले, असे त्याचे निष्कर्ष आहेत. शेजारच्या राज्यातल्या सरकारी रुग्णालयात जे जमले ते नागपूरच्या सरकारी रुग्णालयात जमू नये असे काही कारण दिसत नाही.

आक्षेप मात्र खरे आहेत आणि त्यांना उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिला म्हणजे, आजार उलटला तर? पदाधिकारीच इस्पितळात गेला तर संस्थेचे काय? बिअर्सचेच पाहू. तो जवळजवळ तीस वर्षे राष्ट्रीय समितीचा सचिव होता आणि १९३९ मध्ये स्वतःहून रुग्णालयात दाखल झाला. तीस वर्षांच्या कामाला शेवटच्या आजाराने बट्टा लागत नाही. हृदयविकाराचा झटका आलेल्या अध्यक्षाला आपण विश्रांती घ्यायला सांगतो, त्याचा मताधिकार काढून घेत नाही. संघटनेने प्रत्येक पदाला जोडीदार नेमावा, आजार उलटल्यास कोणते काम कोणाकडे जाईल हे आधीच लिहून ठेवावे. कायद्याने आगाऊ निवेदनाची सोय व्यक्तीला दिली आहे, ती संस्थेनेही आपल्या घटनेत आणावी.

दुसरा आक्षेप घरच्यांचा, आणि तो ऐकताना आवाज खाली घ्यावा लागतो. रात्री जागणारे, औषधाचा खर्च करणारे, शेजाऱ्यांचे टोमणे खाणारे ते असतात. मग बोलायला दुसरेच का? त्यांची जागा हिरावून घ्यावी असे कोणी म्हणत नाही, राज्य प्राधिकरणावर त्यांना स्वतंत्र जागा आहेतच. पण एखाद्याच्या मर्जीविरुद्ध त्याला दाखल करण्याचा अर्ज बहुधा घरातलाच कोणी तरी करत असतो. त्या निर्णयाविरुद्धची तक्रार ऐकणाऱ्या मंडळावर फक्त घरच्यांचेच प्रतिनिधी असले, तर तक्रारदाराने कोणाच्या तोंडाकडे पाहायचे? प्रेम आणि हित एकाच दिशेने जातात असे नेहमीच होत नाही, आणि मालमत्तेचा वाद असलेल्या घरांत तर मुळीच नाही.

तिसरा आक्षेप डॉक्टरांकडून येतो. या संघटना औषधांविरुद्ध प्रचार करतील आणि आधीच दूर असलेले रुग्ण आणखी दूर जातील. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, तेव्हा ही भीती हलक्यात घेऊ नये. पाश्चात्त्य चळवळीचा एक प्रवाह मानसोपचारालाच नाकारणारा होता आणि सरसकट गोळ्या सोडा असे सांगणारा गट कोणाच्याही हिताचा नाही. पण या आक्षेपातूनच प्रशिक्षणाची गरज सिद्ध होते. आपल्या अनुभवाची हद्द कुठे संपते आणि डॉक्टरांचे काम कुठे सुरू होते, हे न शिकलेला माणूसच दुसऱ्याच्या गोळ्या बंद करायला निघतो. शिवाय औषध का नकोसे वाटते, हात का थरथरतात, वजन का वाढले, हे माणूस डॉक्टरांपेक्षा आधी आपल्यासारख्याच दुसऱ्याला सांगतो. ती माहिती गटातून दवाखान्यात पोचली तर उपचार टिकतात.

सर्वांत अवघड आक्षेप शेवटचा आहे, आणि तो बहुतेक वेळा संघटनांच्या आतूनच येतो. प्रशिक्षण घेतलेली माणसे पुढे सरावलेले वक्ते होतात. शहरी, शिकलेली, आजारातून बऱ्यापैकी सावरलेली चार नावे प्रत्येक समितीवर दिसू लागतात आणि वर्षानुवर्षे वॉर्डात राहिलेला, घरच्यांनी पत्ता खोटा दिलेला माणूस होता तिथेच राहतो. हा धोका काल्पनिक नाही. प्रशिक्षण हॉटेलात, इंग्रजीत आणि निवडक ओळखीच्यांना दिले तर असेच होणार. म्हणून ते मराठीत आणि वऱ्हाडीत व्हावे, वस्तीत व्हावे, आणि निम्म्या जागा रुग्णालयात दीर्घकाळ राहिलेल्यांसाठी असाव्यात. पदांना मुदत असावी आणि मुदत संपल्यावर त्याच माणसाने पुढच्याला शिकवावे. नंदनवनासारख्या मध्यमवर्गीय वस्तीत गट चालवणे तुलनेने सोपे जाईल. तिथे सभागृहे आहेत, महाविद्यालये आहेत, निवृत्त बँक कर्मचारी हिशेब पाहायला मिळतात. पण त्या गटाचे अर्धे सभासद शहराच्या त्या दुसऱ्या टोकाहून यायला हवेत, नाही तर तो एक चांगला वाचक कट्टा होऊन राहील.

राज्य प्राधिकरणावरील नेमलेल्या सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते, पुनर्विलोकन मंडळावरील सदस्यांची पाच वर्षांची. जागा रिकाम्या होत राहणार आणि भरल्या जाणार. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली इथे जे कोणी स्वमदत गट चालवत असतील, किंवा सुरू करण्याच्या विचारात असतील, त्यांनी आपल्या सभासदांतून दोन नावे आत्ताच ठरवावीत, रीतसर सभेत ठराव करावा, इतिवृत्तावर सह्या घ्याव्यात आणि ठरावाची प्रत मुंबईला राज्य प्राधिकरणाकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवून पोच घ्यावी. नेमणूक दुसऱ्याचीच झाली तर कारण विचारणारे दुसरे पत्र पाठवावे. त्या पत्राखाली कोणा राजाची, साहेबाची किंवा संस्थाचालकाची सही असण्याची गरज नाही.